चहाला थांबायचं का?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे स्क्रीनकडे बघायला बंदी होती. आता उजव्या डोळ्याने इतकं स्वच्छ दिसतं की घरातली जळमटं नव्याने कळायला लागली आहेत. असो.

आजचा विषय विमानाचा आहे. "हिला विमानातलं काय कळतं?" असं मनात आलं असेल तर ते बरोबरच आहे. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई, छत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. जन्मात विमानात बसले सहा वेळा, त्यातले चार वेळा डोळे गच्च मिटून. पण आमची भाची, माझ्या धाकट्या भावाची मुलगी, एका कंपनीत सहवैमानिक आहे. ऑपरेशननंतर ती चार दिवस माझ्याकडे राहायला आली होती. मटार सोलता सोलता मी तिला सहज विचारलं, "काय गं, तुझा कॅप्टन चुकतोय असं तुला दिसलं तर तू काय करतेस?"

"सांगते."

"आणि त्याने ऐकलं नाही तर?"

"परत सांगते."

"आणि तरी नाही ऐकलं तर?"

"मग विमान मी हातात घेते," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

माझ्या हातातली शेंग मात्र तशीच राहिली. तिशीतली मुलगी, शेजारी पंचावन्न वर्षांचा, वीस हजार तास उडालेला माणूस, आणि ही म्हणते मी हातात घेते! आमच्या काळी मुख्याध्यापकांच्या हातातला खडूसुद्धा कोणी घेतला नसता.

मग ती मला समजावत बसली. कॅप्टनच्या खांद्यावर चार पट्ट्या, हिच्या तीन. विमान दर वेळी कॅप्टनच चालवतो असं नसतं. जाताना एकाने चालवायचं, येताना दुसऱ्याने. जो चालवत नाही त्याचं काम लक्ष ठेवायचं, आणि ते काम दुय्यम नाही. पण अखेरचा शब्द कॅप्टनचा, मग चालवत कोणीही असो. तो आंतरराष्ट्रीय नियमच आहे. तिने जहाजांचीही गंमत सांगितली. १९३०च्या दशकात पॅन ॲम कंपनीची पाण्यावर उतरणारी मोठी विमानं होती. त्यांच्या वैमानिकांना नौदलासारखा पोशाख दिला आणि कॅप्टन म्हणायला सुरुवात केली. गणवेशाबरोबर जहाजावरचा तो मानही आला. बोटीवर तांडेलाच्या वर कोणी नाही, तसंच.

हे सगळं ऐकताना मला माझी एक जुनी गोष्ट आठवत होती. ती शेवटी सांगते. आधी विमानांचं, कारण भाची गेल्यावर मी महिनाभर त्याच नादात होते. डॉक्टरांनी दिवसाला एक तास वाचायची परवानगी दिली होती, तो सगळा तास याच्यात गेला.

सगळ्यात मोठी गोष्ट टेनेरिफची. २७ मार्च १९७७, रविवार. आफ्रिकेच्या वायव्येला स्पेनची कॅनरी बेटं आहेत. त्यातल्या लास पाल्मासच्या विमानतळावर बॉम्ब फुटला, म्हणून तिकडे जाणारी विमानं शेजारच्या टेनेरिफ बेटावर वळवली. लॉस रोदेओस नावाचा छोटासा विमानतळ, एकच धावपट्टी. त्यात दोन जम्बो, एक डच केएलएमचं, एक अमेरिकन पॅन ॲमचं. विमानांची इतकी गर्दी की बाजूचा रस्ता भरून गेला. त्यामुळे उड्डाणाच्या टोकाला जायचं तर धावपट्टीवरूनच चालत जायला हवं. केएलएम पुढे गेलं, टोकाला जाऊन वळून उभं राहिलं. त्याच्या मागोमाग पॅन ॲम त्याच पट्टीवर. मधेच बाहेर पडायला वाट होती, तिथून ते वळणार होतं. आणि तेवढ्यात दाट धुकं उतरलं. मनोऱ्यातल्या माणसाला दोन्ही विमानं दिसेनात, विमानांना एकमेकं दिसेनात.

केएलएमचे कॅप्टन याकोब फेल्डहाउझन फान झान्टन. साधासुधा माणूस नव्हे. कंपनीतले जम्बोचे मुख्य प्रशिक्षक, कंपनीच्या जाहिरातीत ज्यांचा फोटो छापत ते. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची जम्बोची परीक्षा त्यांनीच दोनेक महिन्यांपूर्वी घेतली होती. म्हणजे बघा, परीक्षक आणि नुकताच पास झालेला विद्यार्थी शेजारी शेजारी. वर घाई होती. कामाच्या तासांचे नियम हॉलंडमध्ये नुकतेच कडक झाले होते. आणखी उशीर झाला असता तर सगळ्यांना तिथेच मुक्काम करावा लागला असता.

विमान वळून उभं राहिलं आणि कॅप्टननी इंजिनांचा जोर वाढवायला सुरुवात केली. सहवैमानिक म्हणाला, थांबा, आपल्याला अजून परवानगी मिळालेली नाही. कॅप्टन म्हणाले, माहीत आहे मला, विचार. त्याने विचारलं. मनोऱ्याने उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला, पण 'उडा' असं म्हटलेलं नव्हतं. सहवैमानिक ते सगळं परत म्हणून दाखवतोय तोवर कॅप्टननी विमान सोडलंसुद्धा. या वेळी सहवैमानिक काही बोलला नाही. एकदा बोलून झालं होतं, तेही सगळ्यांसमोर. दुसऱ्यांदा कसं बोलणार? माझ्या वर्गातली हुशार मुलं अशीच असत. एकदा माझी चूक दाखवायची, दुसरी दिसली तर मान खाली घालून वहीत बघायची.

मनोरा 'थांबा' म्हणाला आणि पॅन ॲम 'आम्ही अजून पट्टीवरच आहोत' म्हणालं, पण दोघे एकाच क्षणी बोलले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये पोचली ती नुसती किंचाळी. मात्र त्यापुढचं एक वाक्य नीट ऐकू आलं. पट्टी मोकळी झाली की कळवतो, असं पॅन ॲम मनोऱ्याला सांगत होतं. ते ऐकलं मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने. (त्या काळी कॉकपिटमध्ये हा तिसरा माणूस असे.) विमान धावत होतं. तो म्हणाला, "तो अजून बाहेर पडला नाही का?" कॅप्टन म्हणाले, "काय?" त्याने परत विचारलं, "तो पॅन अमेरिकन बाहेर पडला नाही का?" त्यावर कॅप्टन ठासून जे डच भाषेत म्हणाले त्याचं मराठी "पडला की!" असंच होईल.

त्यावर मग कोणीच काही बोललं नाही. ५८३ माणसं गेली. केएलएममधली सगळी २४८, पॅन ॲममधली ३३५. पॅन ॲममधले ६१ तेवढे वाचले.

मी मराठीची शिक्षिका, त्यामुळे माझं लक्ष त्या वाक्यावर खिळून राहिलं. आठवीला वाक्याचे प्रकार शिकवताना आम्ही फळ्यावर लिहायचो: विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी. त्या माणसाच्या पोटात होतं आज्ञार्थी, 'थांबा, समोर विमान आहे'. ओठांवर आलं प्रश्नार्थी, तेही नकार घालून. पोटापासून ओठापर्यंत येताना वाक्याचा प्रकार बदलला. का? तर लहान तोंडी मोठा घास. प्रश्न विचारला की आपण चुकलो तरी निभावतं, 'आपलं विचारलं हो' म्हणता येतं. आणि समोरच्यालाही 'पडला की' म्हणून मोकळं होता येतं.

आणखी एक गोष्ट वाचली आणि मी थोडी चपापले. हे कॅप्टन प्रशिक्षक असल्यामुळे त्यांचा बराच वेळ सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या खोट्या विमानात, शिकवण्यात जात असे. तिथे मनोऱ्याचं काम प्रशिक्षकच करतो. परवानगी मागणाराही तोच आणि देणाराही तोच. अपघातानंतर चौकशी झाली, त्यात हे नोंदवलंय. आम्हा शिक्षकांचं निराळं काय असतं? प्रश्न आम्हीच विचारायचा, उत्तर बरोबर का चूक तेही आम्हीच ठरवायचं. तीस वर्षं असं केल्यावर खऱ्या धुक्यात कसं वागणार माणूस?

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ला, अमेरिकेत पोर्टलंडला आणखी एक झालं. विमानाचं चाक नीट बाहेर आलंय की नाही याची शंका आली म्हणून कॅप्टन तासभर घिरट्या घालत राहिले. चाकाची काळजी इतकी की इंधन संपत आलंय हे डोक्यातच शिरेना. इंजिनिअर इंधनाचं बोलत होता, पण आकडे सांगावेत तसं, बेताने. एकेक करून इंजिनं बंद पडली आणि विमान वस्तीत उतरलं. १८९ पैकी १० माणसं गेली. हा अपघात मात्र कामी आला. १९७९ला नासाने या प्रश्नावर वैमानिकांची, अभ्यासकांची बैठक घेतली आणि १९८१ला युनायटेड कंपनीने आपल्या सगळ्या वैमानिकांना नवं शिक्षण सुरू केलं. त्याला सीआरएम म्हणतात. हाताखालच्याने ठणकावून कसं बोलायचं आणि वरच्याने ते ऐकून कसं घ्यायचं, हे त्यात शिकवतात. जुन्या कॅप्टन लोकांनी त्याची भरपूर टिंगल केली म्हणे. 'गोड वागायची शाळा' म्हणायचे. आमच्याकडेही प्रशिक्षणाहून आलेल्या शिक्षकाला चहाच्या वेळी असंच सोलत असत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

पण त्याच कंपनीचं एक विमान १९८९च्या जुलैत शेपटीचं इंजिन फुटून पांगळं झालं. सुकाणूच चालेना, कारण ज्या तेलाच्या दाबावर ते फिरतं ते सगळं वाहून गेलं. कॅप्टन होते अल हेन्स. प्रवाशांत त्याच जातीच्या विमानाचा एक प्रशिक्षक बसला होता, डेनिस फिच नावाचा. हेन्स यांनी त्याला आत बोलावून घेतलं आणि इंजिनांचे दांडे त्याच्या हाती दिले. नुसत्या इंजिनांच्या कमी-जास्त जोरावर त्यांनी ते विमान सू सिटीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ वाचले. हेन्स नंतर आयुष्यभर सांगत राहिले की ते श्रेय एकट्या त्यांचं नव्हतं, चौघांचं होतं. त्यांचा अधिकार काही कमी झाला नव्हता. आत बोलावण्याचा अधिकारही त्यांचाच होता ना.

आता भाषेबद्दल थोडं. आउटलायर्स नावाचं ग्लॅडवेल यांचं २००८चं पुस्तक भाचीने दिलं होतं. त्यात कोरियन एअरवर एक प्रकरण आहे. कोरियन भाषेत मानाचे थर फार, म्हणून धाकटा थोरल्याला स्पष्ट सांगू शकत नाही, अशी मांडणी. उदाहरणं तर आहेतच. १९९९च्या डिसेंबरात लंडनजवळच्या स्टॅन्स्टेडहून त्यांचं मालवाहू विमान रात्री उडालं. कॅप्टनचं विमानाचा कल दाखवणारं यंत्र बिघडलेलं होतं, सहवैमानिकाचं चांगलं होतं. धोक्याची सूचना वाजत होती, मागून इंजिनिअर विमान कललंय म्हणून सांगत होता आणि सहवैमानिक गप्प. मिनिटभरात सगळं संपलं. हे खरंच आहे. पण सगळं खापर भाषेच्या डोक्यावर फोडणं मला काही पटत नाही. डच लोक तोंडावर सरळ बोलणारे म्हणून जगात प्रसिद्ध, मग टेनेरिफला काय झालं? आपल्याकडे 'तुम्ही' म्हणूनही चांगली कानउघाडणी करता येते, आमच्या सासूबाई करत असत!

भाची म्हणाली ते मला जास्त पटलं. विमान खाली येताना वेग, उंची, कल ठरलेल्या मर्यादेत नसेल तर काय म्हणायचं ते शब्द आधीच ठरवून ठेवलेले असतात. 'गो अराउंड', म्हणजे उतरू नका, परत वर जा. त्यात 'मला वाटतं' नाही, 'सर' नाही, 'जरा' नाही. शब्द ठरलेले असले की म्हणणाऱ्याच्या अंगावर काही येत नाही. तो नियम बोलतो, ती नाही. आणि दोनदा सांगून समोरून उत्तर आलं नाही तर विमान ताब्यात घ्यायचं. हे सगळं सिम्युलेटरमध्ये घोकून घेतात.

"सोपं वाटतं का गं ते?" मी विचारलं.

"सिम्युलेटरमध्ये सोपं वाटतं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "आत्या, निघण्याआधी सगळेच कॅप्टन म्हणतात की काही चुकीचं दिसलं तर बोल. काही जण पोथी वाचल्यासारखं म्हणतात. पण एक आहेत, ते म्हणतात, 'आज माझी झोप नीट झालेली नाही, तू लक्ष ठेव.' त्यांच्याबरोबर मी पटकन बोलते."

आणि मग तिने कोळिकोडचा विषय काढला. मला खरं तर तो नको होता. ७ ऑगस्ट २०२०, कोविडचे दिवस. दुबईहून आपली माणसं घेऊन आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान पावसात धावपट्टीच्या पुढे जाऊन दरीत कोसळलं. प्रवासी आणि दोन्ही वैमानिक धरून २१ जण गेले. कॅप्टन दीपक साठे, हवाईदलातले निवृत्त विंग कमांडर. आई-वडील नागपूरला. आपल्या घरातलंच कोणी गेल्यासारखं वाटलं होतं. त्यांनी स्वतःचा जीव देऊन प्रवाशांना कसं वाचवलं याचे लांबलचक निरोप व्हॉट्सॲपवर फिरत होते. मीही ते डोळे पुसत पन्नास जणांना पाठवले.

चौकशीचा अहवाल २०२१च्या सप्टेंबरात आला. तो मी कोणालाच पाठवला नाही, कारण वाचलाच नव्हता. आता वाचला, म्हणजे भाचीने वाचून दाखवला. पाऊस, पाठीमागून वारा, कॅप्टनसमोरच्या काचेचा वायपर बिघडलेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानावर त्यांचीच नेमणूक, कारण तिथे कॅप्टन कमी. म्हणजे विमान दुसरीकडे नेलं तर सकाळचं अडणार. (पुन्हा ती घाई, टेनेरिफसारखी.) विमान निम्मी धावपट्टी ओलांडून टेकलं. सहवैमानिक अखिलेश कुमार आधी अडखळत नुसतं "कॅप्टन..." म्हणाले आणि मग "गो अराउंड". ते मानलं गेलं नाही आणि त्यांनी विमान हातातही घेतलं नाही. अहवालात दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत, कॅप्टनचं न ऐकणं आणि सहवैमानिकाचं ताबा न घेणं. दोघांच्या अधिकारातला चढ फार उभा होता, असंही म्हटलंय.

मला साठ्यांचा राग आला नाही, येणारही नाही. जन्मभर उत्तम काम केलेला माणूस. उलट मला वाटतं, इतका उत्तम होता म्हणूनच शेजारच्याची जीभ जड झाली असेल. नालायक माणसाला टोकणं सोपं असतं.

भाची त्या रात्री म्हणाली, "आम्ही सहवैमानिक हा अहवाल दुसऱ्या बाजूने वाचतो, आत्या. 'मी घेतलं असतं का?' असं."

तर आता माझी गोष्ट.

डिसेंबर २००३. मी तेव्हा पर्यवेक्षिका होते. आठवी-नववीच्या मुलींची सहल, गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस. खासगी गाडी, मुली अठ्ठेचाळीस, आम्ही शिक्षक चार. प्रमुख मी. माझा दरारा होता. 'बाई आल्या' म्हटलं की व्हरांडा शांत होत असे, आणि मला ते आवडत असे, खोटं कशाला बोलू? बरोबर विज्ञानाचे एक सर होते, शिक्षणसेवक. आमच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काम करायचं, मग नोकरी कायम होते. सरांचं दीड वर्ष झालं होतं. ते ड्रायव्हरशेजारी केबिनमध्ये बसले होते.

परतीला उशीर झाला होता. रत्नदुर्गावर मुली रेंगाळल्या. दहापर्यंत शाळेच्या पटांगणात पोचतो असं पालकांना कळवलेलं. साखरप्याला, म्हणजे आंबा घाटाच्या पायथ्याशी, गाडी जरा हळू झाली. सर केबिनमधून उठून माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "बाई, चहाला थांबायचं का?"

मी घड्याळ बघितलं. म्हटलं, "आता कुठला चहा, सर? पालक थंडीत उभे असतील."

सर "बरं" म्हणाले आणि परत पुढे जाऊन बसले.

घाट नीट चढलो. अवघड ते संपलं. मलकापूर मागे पडलं, रस्ता सरळ, आणि बांबवड्याच्या अलीकडे गाडी रस्ता सोडून एका मोरीच्या कठड्यावर आदळली. ड्रायव्हर झोपला होता. आदल्या रात्री गणपतीपुळ्याला तो गाडीचं काम करत जागाच होता, हे मला नंतर कळलं. जीव कोणाचा गेला नाही. ड्रायव्हरचा पाय मोडला, सरांच्या कपाळाला टाके पडले आणि आठवीतल्या एका मुलीचं उजवं कोपर चेचलं. तीन ऑपरेशनं झाली तरी तो हात पूर्ण सरळ होत नाही. तिचं लग्न झालं, मुलं आहेत. मधे भेटली तेव्हा डाव्या हाताने माझ्या पाया पडली. मी तिचा चेहरा बघूच शकले नाही.

संस्थेला अहवाल द्यायचा होता. तो मी लिहिला, सुवाच्य अक्षरात. त्यात एक वाक्य असं होतं: 'वाहनचालकाच्या स्थितीबाबत कोणाच्याही काही लक्षात आले नव्हते.' खाली चौघांच्या सह्या. सरांनी कपाळावरच्या पट्टीसकट येऊन सही केली. काही बोलले नाहीत. मीही काही विचारलं नाही. शिक्षणसेवकाला मी काय विचारणार आणि तो मला काय सांगणार!

त्यांना तेव्हा चहा नको होता, हे मला त्याच रात्री दवाखान्याच्या बाकावर कळलं होतं. ड्रायव्हर पेंगताना त्यांना दिसला होता. पण 'ड्रायव्हर पेंगतोय, गाडी थांबवा' याचं त्यांच्या तोंडी 'चहाला थांबायचं का' झालं. पोटात आज्ञार्थी, ओठांवर प्रश्नार्थी. त्यांनी सरळ सांगितलं असतं तर मी गाडी थांबवली असती, असं मी वीस वर्षं स्वतःला सांगत आले आहे. त्यावरच झोपत आले आहे म्हणा ना.

हे सगळं लिहून काढलं आणि वाटलं, सरांना विचारल्याशिवाय इथे टाकू नये. आता ते दुसऱ्या गावी मुख्याध्यापक आहेत. फोन लावला. "बाई, तुम्ही!" म्हणाले, प्रकृतीची चौकशी केली. मी म्हटलं, एक लिहिलंय, ऐका. टेनेरिफपासून सगळं वाचून दाखवलं. चहाच्या वाक्यापाशी माझा आवाज जरा हलला. म्हटलं, "सर, त्या अहवालातलं ते वाक्य खोटं होतं. तुमच्या लक्षात आलं होतं, आणि तुम्ही मला सांगितलं होतं. ते मी वीस वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं."

बराच वेळ पलीकडून काही नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग सर म्हणाले, "बाई, एक राहिलंय त्यात."

"सांगा."

"घाट चढून आंब्याला वर आलो ना, तेव्हा मी परत मागे आलो होतो तुमच्याकडे."

मला काहीच आठवेना. म्हटलं, "कशाला?"

"मी म्हटलं, 'बाई, ड्रायव्हरमामा डुलक्या घेतायत, गाडी थांबवू या.' असंच म्हटलं, सरळ. चहाबिहा नाही."

"मग मी काय म्हटलं?"

"तुम्ही म्हणालात, 'सर, हळू बोला, मुली आत्ता कुठे झोपल्यात.'"

मी फोन तसाच कानाला धरून बसले. मला हे खरंच आठवत नाही. कितीही आठवून बघितलं तरी आठवत नाही. पण सर खोटं बोलणाऱ्यातले नाहीत.

"हे लिहू का, सर?" मी विचारलं.

"लिहा, बाई," सर म्हणाले.

वरचं व्याकरणाचं वगैरे लिहिलेलं तसंच ठेवलंय. हे तेवढं खाली जोडलं आहे.